‘आपल्यात होत नाही’ हे कुणी मोजलं?

आपल्या समाजात एक वाक्य फार ठामपणे बोललं जातं: ‘गर्भपिशवीचा कॅन्सर आपल्या बायकांना होत नाही.’ दावतीत जेवताना बोललं जातं, मुलींच्या लसीचा विषय निघाला की पालक बोलतात, आणि ‘अब तो सायन्स ने भी मान लिया’ अशी पुस्ती जोडून व्हॉट्सॲपवर फिरतं. का होत नाही, असं विचारलं की उत्तर तयार असतं: आपल्यात खतना आहे. मग पुढचं सगळं आपोआप ठरतं. बाईची तपासणी कशाला? मुलीला लस कशाला? तो त्यांचा प्रश्न, आपला नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान शिकवत नाही. पण वर्गात मुलांना रोज सांगते की वाक्य पूर्ण वाचा, अर्ध्यावर थांबू नका. ‘आपल्यात होत नाही’ हे असंच अर्ध्यावर तोडलेलं वाक्य आहे. त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, म्हणून ते लोकांना पटतं. ती खरी गोष्ट आधी सांगते, मग तोडलेला भाग.

खरी गोष्ट

मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. नोंदणी म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. एखाद्या हॉस्पिटलात वर्षभरात किती पेशंट आले, हा झाला त्या हॉस्पिटलचा हिशेब. त्यात बाहेरगावचे असतात, आणि जे आलेच नाहीत ते नसतात. लोकसंख्येवर आधारित नोंदणी वेगळी. तिथे आधी भाग ठरवतात. त्या भागात राहणाऱ्या माणसांपैकी वर्षभरात किती जणांना नव्याने कॅन्सर झाला, ते शोधतात. त्यासाठी नोंदणीची माणसं सरकारी दवाखान्यात जातात, खासगी दवाखान्यात जातात, लॅबमध्ये जातात, महापालिकेच्या मृत्यूनोंदी चाळतात. एकच माणूस दोन ठिकाणी सापडला तर एकदाच धरतात. मग लाखामागे किती, हा दर काढतात. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे कॅन्सर जास्त दिसणारच, म्हणून वयाचा फरक वजा करून तुलना करतात.

या नोंदीत पेशंटचा धर्मही लिहिला जातो. सोसायटीचे डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या आकड्यांवरून धर्मानुसार अभ्यास केले. त्यात दिसलं की पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त आहे, पण तंबाखूमुळे होणारे कॅन्सर पारशांमध्ये कमी आहेत. कारण उघड आहे. पारशांच्या धर्मात आग पवित्र, म्हणून विडी-सिगारेटला मनाई. मुस्लिम पुरुषांमध्ये लिंगाचा कॅन्सर फार कमी दिसला आणि मुस्लिम बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर हिंदू बायकांपेक्षा कमी दिसला. पुढे २००२ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली. खतना झालेल्या पुरुषांमध्ये एचपीव्ही हा विषाणू कमी सापडतो, आणि ज्या बायकांना नवऱ्याकडून जास्त धोका असतो त्यांना त्याचा फायदा होतो, असं त्यात दिसलं. गर्भाशयमुखाच्या जवळपास सगळ्या कॅन्सरांच्या मागे हाच विषाणू असतो.

म्हणजे खतन्याचा फायदा आहे. तो मला नाकारायचा नाही.

तोडलेला भाग

पण नोंदीत ‘कमी’ लिहिलं आहे. ‘होत नाही’ हे आपण लिहिलं. मुंबईच्या नोंदीत मुस्लिम बायका आहेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रकान्यातही आहेत. हेल्मेट घातलं की डोक्याला मार कमी बसतो, म्हणून कुणी गाडीचा ब्रेक काढून ठेवत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मुंबईच्या नोंदीत गेल्या काही दशकांचा कल पाहिला, तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर उतरत गेला आहे आणि स्तनाचा चढत गेला आहे. एकेकाळी पहिल्या नंबरवर असलेल्या आजाराला मागे टाकून स्तनाचा कॅन्सर पुढे गेला. उतरण्याची कारणं सगळ्यांची सारखीच: लग्नाचं वय वाढलं, बाळंतपणं कमी झाली, घरात पाणी आणि न्हाणीघर आलं. म्हणजे ज्या आजारावर आपण फुशारकी मारतो, तो सगळ्यांमध्येच कमी होतो आहे. आणि जो वाढतो आहे, त्याच्याशी खतन्याचा काडीचाही संबंध नाही. त्या बाबतीत आपल्याकडे कोणतीही ढाल नाही.

स्तनाचा कॅन्सर का वाढतो, त्याची बरीच कारणं माहीत आहेत. पहिलं मूल उशिरा होणं, मुलं कमी होणं, अंगावर कमी दिवस पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, आणि एकूणच आयुष्य लांबणं. ‘बघा, मुली शिकल्या म्हणून हे झालं’ असं यावरून म्हणणारे भेटतील. त्यांना आधीच सांगते: शिकलेली बाई गाठ लवकर ओळखते, दवाखान्यात स्वतः जाते, रिपोर्ट स्वतः वाचते. या आजारात जगण्याची संधी सगळ्यात जास्त तिलाच आहे. मुलगी शाळेतून काढल्याने आजपर्यंत कुणाचाही कॅन्सर टळलेला नाही. दोन वर्षं अंगावर पाजण्याची जी हिदायत आपल्याकडे आहे, ती मात्र खरोखर उपयोगी आहे. ती पाळायची तर नोकरी करणाऱ्या आईला रजा आणि घरात मदत द्या. नुसती आयत ऐकवून दूध येत नाही.

आमच्या मोहल्ल्यात मय्यतीला गुसल देणाऱ्या एक वयस्कर खाला आहेत. त्या कमी बोलतात, कारण गुसल देताना जे दिसलं ते बाहेर बोलायचं नसतं, ती अमानत असते. पण एकदा नावगाव न सांगता त्या एवढंच म्हणाल्या, ‘बाई, किती जणींच्या छातीला जखमा असतात. घरच्या सुनेलाही माहीत नसतं. मी पहिली बघते.’

हे वाक्य पुन्हा वाचा. बाईच्या छातीतली गाठ, जी वाढायला महिने आणि वर्षं लागतात, ती पहिल्यांदा दिसते कुणाला? शेवटची आंघोळ घालणाऱ्या बाईला. आणि त्या मरणाचं कारण काय सांगितलं जातं? ‘बीमार होती.’ ‘दिल बंद पड गया.’ अशी मरणं कोणत्याच नोंदीत कॅन्सर म्हणून जात नाहीत. मग आपणच म्हणतो, आपल्यात होत नाही.

तोंडाचं काय?

ज्या दावतीत हे वाक्य बोललं जातं, तिथेच जेवणानंतर काय होतं ते पाहा. पुड्या फुटतात. भद्रकालीपासून वडाळ्यापर्यंत कोणत्याही चौकात उभं राहा, पायाखाली रिकाम्या पुड्यांचा खच दिसेल. मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार झोप मारायला गालात तंबाखू धरतो. घराघरात मिशरी आहे. दात घासायच्या निमित्ताने सकाळी सुरू होते आणि दिवसातून चार वेळा होते. आमच्याच किती अम्मी-नानींना मिशरी लागल्याशिवाय पोट साफ होत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू घेतात. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. चघळणारे, लावणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. महाराष्ट्राची तंबाखू धुरात नाही, तोंडात आहे. म्हणूनच राज्यातल्या नोंदण्यांमध्ये पुरुषांच्या कॅन्सरांत तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या नंबरांवर दिसतो. यात धर्माने कुणाला सूट दिलेली नाही. पारशांनी आगीच्या आदराने सिगारेट दूर ठेवली आणि ते आकड्यांत दिसलं. आपण दारू दूर ठेवली, त्याचाही फायदा असणार, कारण दारूनेही कॅन्सर होतो. पण दारू दूर ठेवून वाचवलेलं आपण गुटख्यात घालवलं, तर हिशेब कुठे उरतो?

‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो,’ असं म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं आहे. तंबाखू नसली तरी. सुपारीने तोंडाची आतली कातडी घट्ट होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा असू शकतो. मी वर्गात मुलांना कधी कधी तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगते. नववी-दहावीची पोरं आहेत. काहींची जात नाहीत. ती हसतात, मित्र हसतात, मला हसू येत नाही.

आता सरकार. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि दरवर्षी तिची मुदत वाढवली जाते. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. या दोन्ही कायद्यांची किंमत तुम्हाला शाळेच्या गेटजवळच्या टपरीवर कळते. पुडीची किंमत मात्र बंदीमुळे वाढली, एवढाच फरक.

आणि आपले उलेमा? तंबाखू हराम की मकरूह, हा वाद जुना आहे आणि तो माझ्या अखत्यारीतला नाही. पण मला एक दिसतं. रमजानमध्ये हाच माणूस तेरा-चौदा तास तोंडात काही घालत नाही. हात थरथरत नाहीत, तो मरत नाही, कामावरही जातो. मगरीबची अजान झाली, खजूर खाल्ली, नमाज झाली, की थेट टपरी. जो माणूस अल्लाहसाठी तीस दिवस दिवसभर सोडू शकतो, त्याला ‘सुटत नाही’ म्हणायचा हक्क नाही. आणि ज्या खुतब्यात महिनाभर रोज्याची फजीलत सांगितली जाते, त्यात या एका गोष्टीला पाच मिनिटं मिळायला हवीत.

सिरक्याची तपासणी

‘तपासणी करून काय होतं, लिहिलेलं चुकत नाही,’ असंही म्हणतात. तकदीरवर माझाही ईमान आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग भरोसा ठेवायचा, ही शिकवण आपल्याच घरची आहे. आणि बांधल्याने काय होतं, ते आपल्याच राज्यात मोजून झालं आहे.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांबरोबर एक मोठा प्रयोग केला. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या दर दोन वर्षांनी तपासणी करत. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे सिरकाच. एक मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मशीन नाही, लॅब नाही. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्या सिरक्याची आपण सुन्नत म्हणून तारीफ करतो, त्या सिरक्यानेच हे झालं. याच प्रयोगात हाताने स्तनांची तपासणीही होत होती. वीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी दिसले. त्याहून लहान बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, तेही त्यांनी लपवलं नाही.

उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या चाचणीने. ही सगळी खेड्यातली बाई होती, शेतमजूर, बरीचशी निरक्षर.

आता उलटा आकडा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के. स्तनांची ०.९ टक्के. तोंडाची ०.९ टक्के. म्हणजे हा आळस फक्त आपला नाही, सगळ्या देशाचा आहे. पण बाकीचे निदान ‘आम्हाला होत नाही’ असं म्हणून आळस करत नाहीत.

लेडी डॉक्टर नाही, पडद्याचा प्रश्न येतो, ही अडचण मला मान्य आहे. तिचं उत्तर लेडी डॉक्टर मागणं हे आहे. मुंबईच्या वस्त्यांत तपासणी करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, म्हणजे हे होऊ शकतं. आपण ते मागत नाही, कारण आपल्याला ती अडचण सोडवायची नसते, वापरायची असते.

लस आणि लाज

एचपीव्हीची लस आता आपल्या शेजारच्या पुण्यात बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं जाहीर केलं. मलेशियाने २०१० पासून शाळेतल्या मुलींना ही लस दिली आहे. बांगलादेशाने २०२३ मध्ये सुरू केली. ही मुस्लिम मुलं-मुली असलेली राष्ट्रं आहेत, आणि त्यांनी ‘आपल्यात होत नाही’ म्हटलेलं नाही.

आपल्याकडे मात्र कुजबुज अशी: लस दिली म्हणजे मुलीवर शक घेतला. मी आईबापांना एवढंच विचारते, की तुमची मुलगी आयुष्यभर पाकदामन राहील, हे कबूल. तिचा होणारा शोहर लग्नाआधी कसा वागला, याची जिम्मेदारी तुम्ही घेता का? हा विषाणू पुरुषाच्या अंगात काही त्रास न देता बसतो, त्याला स्वतःलाही कळत नाही. एका नवऱ्याशिवाय कुणाचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही तो मिळतो. लस बदनामीपासून नाही, दुसऱ्याच्या चुकीपासून वाचवते.

दुसरी कुजबुज, की मूल होणार नाही. ही पोलिओपासून चालत आलेली अफवा आहे. २०२२ च्या अखेरीस गोवरची साथ आली तेव्हा गोवंडी, भिवंडी, मालेगाव ही नावं पुढे होती. वस्त्या कुणाच्या, ते सांगायला नको. लस चुकलेली मुलं आजारी पडली, काही दगावली. अफवा पसरवणारे कफन घेऊन आले नाहीत.

नाशिकचा रकाना कोरा का?

आता प्रश्न नाशिकचा. २०२० साली आलेल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालात देशातल्या २८ नोंदण्यांचे आकडे आहेत. महाराष्ट्रातल्या सात: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी. नाशिक नाही. २०११ च्या जनगणनेत ६१ लाखांहून जास्त लोकसंख्या असलेला जिल्हा नाही. चार लाख ऐंशी हजारांचं मालेगाव नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या शहरात आहे. राज्यभरातले डॉक्टर ज्या विद्यापीठाच्या पदवीवर सही घेऊन बाहेर पडतात, त्याच्या अंगणातल्या जिल्ह्यात लाखामागे किती जणांना कॅन्सर होतो, हे त्या राष्ट्रीय अहवालात सापडत नाही.

मग चर्चा कशावर होते? अंदाजावर. हिंदू मित्र म्हणतात, द्राक्षांवरच्या औषधांमुळे नाशकात कॅन्सर वाढला. आपले लोक म्हणतात, आपल्यात नाही. दोघांकडेही मोजमाप नाही. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुराचा धोका खरा असू शकतो आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण नोंदणीशिवाय त्या औषधांवर आरोपही सिद्ध होत नाही आणि ती सुटतही नाहीत. पंजाबात हेच झालं. माळव्याच्या पट्ट्यातून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक कॅन्सर ट्रेन म्हणू लागले, सगळा दोष कीटकनाशकांवर गेला. मग तिथे नोंदण्या सुरू झाल्या, तर शहरी चंडीगड आणि मोहालीचा दर संगरूर-मानसाच्या खेड्यांपेक्षा जास्त निघाला. याने कीटकनाशकं निर्दोष ठरत नाहीत. पण प्रश्न बदलला: खेड्यातला माणूस इतक्या उशिरा, इतक्या लांब इलाजाला का जातो?

उस्मानाबाद-बीडचा दर तर देशात सगळ्यात कमी निघाला: २०१२ ते २०१६ या काळात पुरुषांमध्ये लाखामागे ३९.५, बायकांमध्ये ४९.४. मुंबईत दोन्ही आकडे शंभराच्या वर. खेड्यात आजार खरंच कमी असेल. किंवा काही बायका तपासणीविना, कागदाविना गेल्या असतील. दोन्ही शक्य आहे. कमी आकडा ही शाबासकी असतेच असं नाही. आणि कोरा रकाना तर कधीच नसते.

मोजल्याने काय होतं, असं कुणी विचारलं तर बार्शीकडे बघा. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथल्या हॉस्पिटलला नर्गिस दत्त यांचं नाव आहे. नर्गिस, म्हणजे फातिमा रशीद, १९८१ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेल्या आणि मुंबईच्या बडा कब्रस्तानात दफन आहेत. ‘आपल्यात नाही’ म्हणणाऱ्यांना ही एक कबर तरी आठवावी. बार्शीच्या लोकांनी पाहिलं, की हॉस्पिटलात बसून वाट पाहिली तर खेड्यातली बाई येणारच नाही. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, अंगावरून जाणं, रक्त जाणं, गाठ, ही लक्षणं समजावली, शंका असलेल्यांना दवाखान्यात आणलं. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला. ती माणसं फक्त मोजायला गेली होती. पण मोजायचं तर विचारावं लागतं, आणि विचारलं की बाई बोलते.

मागणी

धर्मानुसार आकडे छापले की ते आपल्यावर उलटतील, अशी भीती काहींना वाटते. ‘यांच्यात गुटखा जास्त, यांच्यात अडाणीपणा जास्त’ असं बोलणारे आहेत, मी रोज ऐकते. पण लपवून ते थांबत नाहीत. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आहे, म्हणून कुणी पारशांना गुन्हेगार ठरवलं नाही. आकड्यात धर्म दिसतो तो सवयीतून: कोण काय खातं, किती वर्षं पाजतं, कधी लग्न करतं, दवाखाना किती लांब आहे. त्यातल्या काही सवयी आपल्या हातात आहेत, काही सरकारच्या.

सरकारकडे माझी मागणी एकच: नाशिक जिल्ह्याची लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी, मालेगावसह. इमारत मागत नाही, फीत कापायला काही नाही, म्हणून ती कुणाच्या जाहीरनाम्यात येत नाही. ती आपण आणायची आहे. नगरसेवक मतं मागायला येतो तेव्हा गटारीबरोबर हेही विचारा.

मोहल्ल्याकडे मागण्या जास्त आहेत. दफनविधीच्या रजिस्टरमध्ये मरणाचं कारण लिहा, आणि डॉक्टरकडून कारणाचा दाखला घ्या. नोंदणी आली तर तिला याच कागदांची गरज पडेल. मस्जिदीच्या कमिटीने भाड्याने दिलेल्या गाळ्यात गुटखा विकला जाणार नाही, एवढं ठरवा. ते भाडं कमी होईल, होऊ द्या. वर्षातून दोनदा मोहल्ल्यात बायकांची तपासणी ठेवा, तपासणारी बाई असेल अशी. तीस वर्षांवरच्या प्रत्येक घरातल्या बाईला तिथे नेणं ही तिच्या नवऱ्याची आणि मुलाची जिम्मेदारी समजा, मेहरबानी नव्हे. आणि आजाराचं नाव घ्या. ‘वो बीमारी’ म्हणणं बंद करा. कॅन्सर म्हणा, स्तनाचा म्हणा, गर्भाशयाच्या मुखाचा म्हणा. ज्या शब्दाची लाज वाटते तो शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिते, दोन दिवसांत लाज जाते.

आणि तोपर्यंत, ज्याला ‘आपल्यात होत नाही’ म्हणायचं असेल, त्याने आधी गुसल देणाऱ्या खालांना विचारावं. त्या नाव सांगणार नाहीत. आकडा मात्र त्यांच्याकडे आहे, आणि सध्या नाशकात तो फक्त त्यांच्याकडेच आहे.